कागदावरचं वजन

आमच्याकडं लाच देण्याला 'कागदावर वजन ठेवणं' म्हणतात. वजन नसलं की कागद उडून जातो, हे सगळ्यांनी हसत हसत मान्य केलंय. घेणारा वाईट, देणारा बिचारा, एवढ्यावर आपण विषय मिटवतो. मला वाटतं, पैसे जातात ते जातातच. पण त्या पैशानं कामाचीच चाल बिघडते, ते नुकसान मोठं.

वारसाची नोंद घ्या. बाप गेला की तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं. तलाठ्यानं नोंद धरायची, नोटीस काढायची, फेरफाराची प्रत चावडीवर लावायची. हरकत नसली तर मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर करायची. 1966 च्या जमीन महसूल संहितेतली ही रीत. यात अवघड काही नाही. पण उशिराला पैसे मिळायला लागले की उशीर हेच पीक होतं. हातचं पीक कोण मोडील? मग 'साहेब दौऱ्यावर', 'सर्व्हर डाऊन', 'एक कागद कमी आहे'. कोणकोणते कमी आहेत ते एकदम सांगत नाहीत, दर हेलपाट्याला एक सांगतात.

आणि वजन ठेवणाऱ्याचा कागद पुढं सरकला म्हणजे कुणाचा तरी मागं गेला. तो एखाद्या विधवा बाईचा असतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार. देणाऱ्याला ती दिसतही नाही. लाच दोघांतच मिटते असं वाटतं, पण भरडलं जातं ते तिसरंच माणूस.

यावर औषध उजेडाचं. चावडीवर प्रत लावायची ती त्यासाठीच. आता डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर निघतो, तेवढ्या कागदापुरता हेलपाटा वाचला. 2005 च्या माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्त्याला वापरलेल्या मालाचा नमुनासुद्धा मागता येतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं कामांना मुदत बांधून दिली. सरळ कर्मचाऱ्याला तर याचा पहिला फायदा. उशीर कुणाच्या टेबलावर झाला ते दिसलं की उगाच त्याच्यावर आळ येत नाही.

पण उजेड असून बघणारं कुणी नसलं तर काय उपयोग? ग्रामसभेत खर्च वाचला जातो तेव्हा आपण बाहेर टपरीवर असतो. विचारणाऱ्याला 'लई शहाणा' म्हणतो. काहीजण तर माहितीचा अर्ज टाकतात तोच मिटवून घ्यायला. तेही वजनच, फक्त दुसऱ्या पारड्यातलं.

मग द्यावे की न द्यावे? दवाखान्यात माणूस पडलंय, कर्जाची तारीख उलटतीय, अशा नडलेल्यानं दिले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्याला थांबणं परवडतं, त्यानं थांबावं. अर्जाची पोच घ्यावी आणि दर आठवड्याला विचारावं, कागद कुणाच्या टेबलावर आहे? असं विचारणारे चारदोन झाले, तर जिला विचारायला जायचंही एसटीचं भाडं नसतं, तिचाही कागद हलतो.