काटा १६० पर्यंत आहे म्हणून...



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

या दोन श्लोकांत भगवंत अर्जुनाला अगदी व्यवहारातली गोष्ट सांगतात. जो अति खातो त्याला योग साधत नाही, जो काहीच खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, सतत जागतो त्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण ‘युक्त’ आहे, त्याचा योग दुःख दूर करतो.

विहार म्हणजे हिंडणं-फिरणं. म्हणून आज गाडीबद्दल बोलतो.

आमची गाडी जुनी, छोटी, ८०० सीसीची हॅचबॅक. दिवाळीनंतर आईला घेऊन नागपूरहून समृद्धीने शिर्डीला निघालो. निघायला उशीर झाला आणि आईला धूपारती गाठायची होती. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, आमच्या स्पीडोमीटरवर तर १६० पर्यंत आकडे आहेत. मी ९० वर होतो. तेवढ्यात एक मोठी एसयूव्ही सुर्रकन निघून गेली, तिच्या मागे दुसरी. पाय आपोआप दाबला गेला. १००, ११०, ११८.

इंजिन ओरडायला लागलं. स्टीअरिंग हलकं वाटू लागलं. एका ट्रकला ओव्हरटेक करून पुढे आलो तसा वाऱ्याचा झोत बसला आणि गाडी चक्क बाजूला सरकली. मागच्या सीटवर आईचा जप थांबला. ती एवढंच म्हणाली, “कारे बाबू, गाडी भेली काय?”

गाडी नव्हती भ्यायली. मी भ्यायलो होतो.

लाज वाटून मी एकदम ६० वर आलो, तेही मधल्या लेनमध्येच. दोन मिनिटांत मागून हॉर्न, आणि एक कार अगदी शेवटच्या क्षणी मला चुकवून गेली. तेव्हा सोळावा श्लोक डोक्यात लख्ख पेटला. अति जोरात जाणारा चुकतो, तसा भलत्या ठिकाणी अति हळू जाणाराही चुकतो. मग डाव्या लेनला आलो, ८५-९० धरला आणि जप परत सुरू झाला.

आता आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींसाठी थोडा हिशोब. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट. पण गाडीतली ऊर्जा वाढते सव्वादोन पट, आणि ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतरही साधारण तेवढ्याच पटीने. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच ३३ मीटर गेले. हवा कापायला लागणारी ताकद तर तिपटीहून जास्त होते. पन्नाशीच्या आतबाहेर हॉर्सपॉवर असलेलं इंजिन ते करतं, पण मग त्याच्याकडे शिल्लक काही उरत नाही. हलकी गाडी, अरुंद टायर. त्यात हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, तापतो, आणि लांबच्या सरळ रस्त्यावर तापत राहिला तर फुटू शकतो.

म्हणजे छोटी गाडी वाईट का? अजिबात नाही. ९० ला तीच गाडी शांत, भरवशाची असते. प्रश्न ‘जाते का?’ हा नाहीच. काट्यावरचा आकडा ही क्षमता झाली. युक्त म्हणजे या गाडीला, या टायरला, या रस्त्याला, मागे बसलेल्या माणसाला आणि माझ्या आजच्या झोपेला झेपेल ते. आणि हाताशी थोडं शिल्लक ठेवून.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. मी मनाला सांगत होतो, हा वेग आईच्या आरतीसाठी आहे. खोटं होतं ते. वेग त्या एसयूव्हीसाठी होता. ‘आपली गाडी लहान’ ही बोच होती आणि तिला मी भक्तीचं नाव दिलं होतं. अहंकार असाच येतो बघा, कपाळाला गंध लावून.

हेच आपण शरीराशीही करतो ना? रात्री दोनपर्यंत काम, सकाळी नऊला कॉल. शरीर चालतंय म्हणून चालवायचं. तेही काटा १६० पर्यंत आहे म्हणूनच.

धूपारती चुकली. पूर्ण अंतर १२० ने गेलो असतो तर कागदावर दीड तास वाचला असता, हे खरं आहे. शेजारती मात्र मिळाली. आई माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. तिला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, “बाबा कुठं पळून चालले होते का?”

आजचा छोटा संकल्प: पुढच्या लांबच्या प्रवासाआधी टायर थंड असताना हवा तपासा, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी भरा, टायरवरचं उत्पादनाचं वर्ष बघा. आणि कोणी ओव्हरटेक करून गेलं तर पाय दाबण्याआधी एकदा नाम घ्या. तेवढ्या वेळात तो दिसेनासा होतो, आणि आपली बोचही.

राम कृष्ण हरि!