गुप्त दान आणि उघड ऋण

दान गुप्त असावे, हा आपल्या समाजाचा जुना संस्कार आहे. देवळाच्या दानपेटीत कोणी किती टाकले हे कोणी विचारीत नाही. आणि ज्याने आपले नाव न सांगता गाभाऱ्याच्या दाराला चांदीचा पत्रा चढविला, त्याच्याविषयी मंडळींत अंमळ अधिकच आदर असतो. या संस्काराविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की, दानाला शोभणारा हा पडदा आपण नकळत ऋणावरही टाकतो. दान झाकल्याने दात्याचा अहंकार झिजतो. ऋण झाकल्याने घेणेकऱ्याचा हक्क झिजतो. पडदा एकच, पण त्याआड घडणारी कृत्ये अगदी निराळी.

आपल्या पूर्वजांस हा भेद चांगला ठाऊक होता. नंदादीपाच्या तेलासाठी अथवा देवाच्या नैवेद्यासाठी कोणी जमीन तोडून दिली, म्हणजे ती गोष्ट केवळ त्याच्या आणि देवाच्या दरम्यान राहात नसे. ती शिळेवर कोरली जाई, ताम्रपटावर लिहिली जाई, तिला साक्षी असत, सीमा असत. कदंब-शिलाहारांच्या काळातील असे लेख गोमंतकात आणि कोकणात आजही उभे आहेत, आणि त्यांतील काहींवर दान मोडणाऱ्यास दिलेली शापवाणी व गद्धेगाळीचे ओंगळ चित्रही आहे. यात दात्याच्या कीर्तीची हौस नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु दगडावर कोरण्याचे खरे प्रयोजन दुसरे होते. एकदा शब्द दिल्यावर ते दान राहिले नाही, ते देणे झाले; आणि ज्याला घ्यावयाचे त्याला, म्हणजे दिवा लावणाऱ्याला, आपला वाटा कोणत्या शेतातून यावयाचा हे दात्याच्या नातवाला न विचारता कळले पाहिजे.

हा विचार मनात येण्याचे कारण मात्र अगदी आधुनिक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया यांसारख्या अनेक राज्यांत आज अशी सोय आहे की, कोणीही मनुष्य सरकारमान्य संकेतस्थळावर एखाद्या मालकाचे नाव घालून, त्याने आपल्या कामगारांच्या अपघाती नुकसानभरपाईचा विमा उतरविला आहे की नाही, हे पाहू शकतो. विमा कंपनीचे नाव, विमापत्राचा क्रमांक, मुदत असा मोजका तपशील तेथे मिळतो. विचारणाऱ्याने कामगारच असावे अशी अट नाही. शेजारी, गिऱ्हाईक, घराचे छप्पर दुरुस्त करून घेणारा गृहस्थ, कोणीही विचारावे. प्रश्न असा की, मालकाने कोणाशी कोणता करार केला ही त्याची खाजगी बाब नव्हे काय? त्याने पैसे भरले, त्याच्या नावाने विमापत्र निघाले. मग ते वाऱ्यावर मांडण्याचा अधिकार राज्यास कोठून आला?

वकिलाच्या कानाला हा आक्षेप प्रथम योग्य वाटतो. पण विमापत्राची किंमत कोणी भरली, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, आणि त्यासाठी थोडा इतिहास उकलावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कामगार यंत्रात सापडला, तर त्याला मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावावा लागे, आणि त्या दाव्याच्या वाटेत मालकाच्या बाजूने तीन भिंती उभ्या असत. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल तर मालक मोकळा. धोका ठाऊक असून कामगाराने काम पत्करले असेल तर मालक मोकळा. आणि कामगाराची स्वतःची थोडीशी जरी चूक असली तरी मालक मोकळाच. न्यूयॉर्क राज्याने १९१० साली कायदा करून यावर उपाय योजला. काही धोक्याच्या धंद्यांत, चूक कोणाची हे न पाहता, मालकाने ठराविक भरपाई द्यावी. तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी तो कायदा रद्द ठरविला. दोष नसता पैसे द्यावयास लावणे म्हणजे मालकाची मालमत्ता योग्य प्रक्रियेवाचून हिरावणे होय, असा त्यांचा निर्णय. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, त्याच शहरात ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. १४६ माणसे मेली; त्यांतील बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. मालकांवरील फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, आगीच्या विम्याची रक्कम त्यांना मिळाली, आणि १९१४ साली तेवीस दिवाणी दावे माणशी ७५ डॉलरांवर मिटले. माल विमाबद्ध होता, माणसे नव्हती. यावर भाष्याची आवश्यकता आहे असे मला वाटत नाही.

१९१३ साली राज्याची घटना दुरुस्त करण्यात आली, नवा कायदा झाला, आणि १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ज्या तत्त्वावर उचलून धरला ते येथे महत्त्वाचे आहे. हा कायदा म्हणजे एक सौदा आहे. मालक आपल्या तीन भिंती पाडतो आणि दोष असो वा नसो, भरपाईचे दायित्व स्वीकारतो. उलटपक्षी कामगार मालकावर दावा लावून पूर्ण नुकसान मागण्याचा आपला हक्क सोडतो आणि ठराविक, बहुधा थोडक्या, रकमेवर समाधान मानतो. एकाने निश्चितता दिली, दुसऱ्याने अधिकार दिला. त्या निश्चिततेचा आधार म्हणजे विमा.

तेव्हा विमापत्रावर नाव मालकाचे असले आणि हप्ता त्याच्या पेढीतून गेला असला, तरी त्याची अर्धी किंमत कामगाराने आधीच भरली आहे; पैशाने नव्हे, हक्काने. आपण ज्याची किंमत भरली ती वस्तू अस्तित्वात आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही असे कोण म्हणेल? न्यूयॉर्कच्या कायद्यात तर मालकाने विमा उतरविला नसेल तर त्याचे कवच गळून पडते, आणि कामगार पुन्हा सरळ न्यायालयात जाऊ शकतो. म्हणजे आपला मार्ग कोणता, मंडळाकडे जावयाचे की न्यायालयाकडे, हे ठरविण्यासाठीसुद्धा त्याला ही माहिती हवी.

यावर कोणी म्हणेल, कामगाराने मालकालाच विचारावे. साऱ्या जगाला दाखविण्याचे कारण काय? ज्याने कधी रोजावर काम केलेले नाही त्यालाच ही सूचना सोपी वाटेल. “शेठ, माझा विमा उतरवला आहे का?” हा प्रश्न वरवर माहितीचा असला तरी ऐकणाऱ्याला तो अविश्वासाचा वाटतो. विचारणारा कटकट्या ठरतो आणि सोमवारी त्याच्या जागी दुसरा येतो. सार्वजनिक नोंदीचा खरा लाभ हा की, तीत न विचारता विचारता येते. आणि ती सर्वांना खुली असावी लागते याचेही कारण तेच. केवळ कामगारालाच खुली ठेवली, तर कोणी पाहिले याचीही नोंद राहील, आणि भय मागील दाराने पुन्हा आत येईल.

प्रामाणिक मालकाचा यात अपमान होतो, असेही म्हणतात. वाण्याच्या दुकानातील वजनांवर सरकारी छाप असतो आणि पडताळणीचा दाखला भिंतीवर टांगलेला असतो. त्याने कोणत्याही सचोटीच्या वाण्याचा अपमान झाल्याचे मी ऐकले नाही. व्यापारी गुपिताचा आक्षेप मात्र अधिक वजनाचा आहे. विम्याची मुदत कधी संपते हे कळले की प्रतिस्पर्धी विमा कंपन्यांचे दलाल दारात गर्दी करतील. हप्त्याचा आकडा कळला तर धंद्याचा आवाका उघड होईल. यावर उत्तर असे की, हप्ता, पगारपट, मागील अपघातांचा इतिहास यांतील काहीही दाखविण्याचे कारण नाही. आणि येथे एक सीमारेषा मला फार आवश्यक वाटते. मालकाचा विमा उघड असावा, कामगाराची जखम उघड नसावी. कोणाचा हात कधी मोडला, कोणी किती भरपाई घेतली, हे जर कोणालाही पाहता आले, तर पुढचा मालक त्याला दारातूनच परत पाठवील. जो ऋणको आहे त्याच्याकडून प्रकटता मागावी. धनकोच्या घरात डोकावू नये.

इंग्लंडातील अनुभव आणखी एक बाजू दाखवितो. तेथे १९६९ च्या कायद्याने, १९७२ पासून, मालकांना कामगारदायित्वाचा विमा सक्तीचा झाला आणि विम्याचे प्रमाणपत्र कामाच्या जागी लावणे बंधनकारक ठरले. वरवर पाहता आणखी काय हवे? पण ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी उद्भवतो. तोवर कारखाना मोडलेला, कंपनी विसर्जित झालेली, भिंतीवरचा कागद भिंतीसह गेलेला. जुनी प्रमाणपत्रे चाळीस वर्षे जपावीत असा नियम १९९८ साली करण्यात आला आणि २००८ साली काढूनही टाकण्यात आला. शेवटी २०११ साली विमा कंपन्यांनी मिळून एक शोधकार्यालय स्थापन केले. आजारी कामगार किंवा त्याचा वकील तेथील नोंदीत, अमुक मालकाचा अमुक वर्षी विमा कोणाकडे होता, हे शोधू शकतो. तरीही ज्यांना काहीच सापडले नाही त्यांच्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा करून विमा कंपन्यांवर पट्टी बसवावी लागली. अमेरिकेतील नोंद मुख्यतः आजचे विचारते, इंग्लंडातील कालचे. दगडावर कोरण्याची युक्ती ज्यांनी काढली, त्यांना हा दुसरा प्रश्न अधिक समजला असता.

आपल्याकडे काय आहे? १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्या जुन्या कायद्यात एक सुंदर तरतूद होती. मालक दिवाळखोर झाला, तर विमा कंपनीविरुद्धचा त्याचा हक्क कामगाराकडे जाईल. म्हणजे विमा शेवटी कोणासाठी आहे हे कायदेकर्त्यांस पूर्ण ठाऊक होते. पण कंपनी कोणती, हे कामगाराने कोठे पाहावे, याविषयी कायदा मुका होता. शिवाय त्या कायद्याखाली विमा सक्तीचा नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ते स्पष्ट सांगितले. २०१७ च्या दुरुस्तीने, कामावर घेताना भरपाईचा हक्क कामगाराला त्याला समजेल अशा भाषेत कळवावा, असे बंधन मालकावर आले. हक्क कळवावा, विमेदाराचे नाव नव्हे. कामगार राज्य विमा योजनेत ज्यांचे नाव आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या हाती स्वतःचा क्रमांक असतो. उरतो तो परांचीवरचा गवंडी, विहीर खणणारा, खडी फोडणारा.

एक विसंगती पाहा. मोटारीचा विमा आपल्याकडे सक्तीचा आहे, आणि गाडीच्या क्रमांकावरून तिच्या विम्याची मुदत सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. विटा घेऊन आलेल्या ट्रकचा विमा चालू आहे की नाही, हे रस्त्यावरचा मनुष्य पाहू शकतो. त्याच विटा डोक्यावरून चौथ्या मजल्यावर नेणाऱ्या बाईचा विमा आहे की नाही, हे तिला स्वतःलाही कळावयाचा मार्ग नाही.

इंदूर आणि बडोदे येथील वाचकांस एक उदाहरण जवळचे वाटेल. इंदूरच्या पश्चिमेकडील झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतील आदिवासी बडोद्यापासून फार दूर नसलेल्या गोध्रा भागात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास जात. ती पूड फुप्फुसांत बसून सिलिकोसिस झाला, आणि माणसे गावी परत येऊन मेली. हा रोग भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता. पण हजेरीचा कागद नाही, मालकाचे नाव म्हणजे मुकादमाचे नाव, विमा असल्यास त्याचा पत्ता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१६ साली दोनशेहून अधिक मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला झाला. जे देणे कारखानदारांचे होते ते सरकारी तिजोरीतून गेले. सार्वजनिक नोंद असती तर ते मेले नसते असे नाही, आणि नोंद असूनही निरक्षर मनुष्य ती स्वतः पाहू शकला नसता हेही खरे. पण त्याच्या गावचा शिक्षक पाहू शकला असता, एखादा वकील पाहू शकला असता. आणि आपले नाव कोणीही पाहू शकतो या जाणिवेने एखाद्या मालकाने विमा उतरविलाही असता.

हे सर्व देवळाच्या मंडळींपुढे का मांडावे, असे कोणी विचारील. मांडावे याचे कारण, आपणही कामे करून घेतो. जत्रेपूर्वी शिखराला रंग देणारा, कळसापर्यंत दिव्यांच्या माळा ओढणारा, रथाच्या वरच्या मजल्यावर चढून दोर बांधणारा हे सगळे कोणाच्या तरी ठेक्यावर असतात. त्यांच्याबाबतीत देवस्थान कायद्याने कितपत जबाबदार ठरेल हा वादाचा मुद्दा आहे, आणि तो न्यायालयात दोन्ही बाजूंनी मांडता येईल. पण त्या वादाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुष्कळ देवळांत वर्षाचा जमाखर्च फलकावर लागतो; देणगीदारांची नावे तर संगमरवरावर कोरलेली असतात. त्याच फलकावर चालू कामाच्या ठेकेदाराचे नाव, त्याच्या विमा कंपनीचे नाव, विमापत्राचा क्रमांक व मुदत अशी एक ओळ खडूने लिहिता येईल. त्यासाठी ठेकेदाराकडे तो कागद आधी मागावा लागेल. आजवर तो कोणी मागितला होता काय, हे पुढच्या बैठकीपूर्वी आपल्या इतिवृत्ताच्या वहीत पाहता येईल.