पाहावे एकाकडे, घ्यावे दुसऱ्याकडे

गेल्या पावसाळ्यात पुण्यास अप्पा बळवंत चौकातील एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानी मी तासभर बसलो होतो. त्यांनी फळीवरून तीन ग्रंथ काढून दाखविले व कोणता आधी वाचावा हेही सांगितले. बाहेर पडताच त्यांतलाच एक मी फोनवरून ऑनलाइन मागविला, कारण तेथे तो साठ रुपयांनी स्वस्त होता. कायद्याने यात गैर काही नाही. तरीही साठ रुपये वाचल्याचा आनंद मला का होऊ नये, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ऑनलाइन व्यापाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु १९९५ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने आणि २००७ साली बंगळूर येथे फ्लिपकार्टने आरंभ केला तो पुस्तकविक्रीनेच. आणि जेथे पुस्तकांचे दुकान कधीच नव्हते, अशा गावातील विद्यार्थ्यास आज ग्रंथ घरपोच मिळतो, हा लहानसहान उपकार नव्हे. स्वस्ताई हेही पाप नव्हे. मुंबईतील स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली निघाले आणि २०१८ साली बंद झाले. पण त्याची कीर्ती होती ती सवलतीच्या विक्रीबद्दलही.

मग दोष कोठे? कोणी म्हणेल, चार दुकाने हिंडून रिकाम्या हाताने परतणे हा ग्राहकाचा जुनाच हक्क आहे. खरे; पण तो ग्राहक घेण्याची शक्यता मनात ठेवून येतो, आणि तेवढ्याच आशेवर दुकानदार आपला वेळ खर्चितो. न घेण्याचा निश्चय करून जो आत शिरतो, तो त्या आशेचा गैरफायदा घेतो. मी त्या दिवशी तसाच शिरलो होतो. जागेचे भाडे, दिवाबत्ती आणि वर्षानुवर्षे ग्रंथ हाताळून आलेली जाण यांचे मोल पुस्तकाच्या किमतीतच अंतर्भूत असते. ते वेगळे मागितले जात नाही, एवढ्यानेच ते फुकट ठरत नाही.

तात्पर्य, ज्यास स्वस्त हवे त्याने ते खुशाल ऑनलाइन घ्यावे. परंतु सल्लाही मग तेथेच शोधावा. ज्याचा सल्ला घेतला, त्याच्या गल्ल्यात पैसे पडले पाहिजेत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या दुकानी गेलो, तेव्हा मालकांनी आपुलकीने विचारले, ‘‘ते पुस्तक मिळाले का हो तुम्हाला?’’ मी ‘‘हो’’ म्हणालो, आणि उरलेले दोन्ही ग्रंथ छापील किमतीस घेतले. ऋण फिटले असे मात्र वाटले नाही.