पहिल्या पराभवांचा न्याय

चैत्र लागून कलमांवरचा आंबा पाडाला येऊ लागला की आमच्या सावर्ड्यात संध्याकाळच्या गप्पांना दोनच विषय उरतात : आंब्याचा भाव आणि क्रिकेट. मुंबई-गोवा रस्त्यावरील उपाहारगृह असो, कोकण रेल्वेच्या फलाटावरचे बाक असो, की कुणाची पडवी असो. आदल्या रात्री मुंबईचा संघ हरलेला असला म्हणजे तेथे एक न्यायासन मांडले जाते. हंगामातील सामने दोन किंवा तीनच झालेले असतात. तथापि नवा प्रशिक्षक सर्वथा अपात्र आहे, असा निकाल बहुमताने लागून चुकलेला असतो. आणि 'थोडा वेळ तरी द्याल की नाही?' असे विचारणारा जो एखादा गृहस्थ असतो, त्यास भाबडा ठरवून बाजूस सारण्यात येते. या वादात खेळाचे ज्ञान किती व करमणूक किती, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. या क्षुल्लक दिसणाऱ्या वादाच्या पोटी नीतिशास्त्रातील एक जुना व बिकट प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या कर्माचे फळ अद्याप पुरते आलेले नाही, त्याच्या कर्तृत्वाचा न्याय कशाच्या आधारे करावयाचा?

धीराचा पक्ष घेणाऱ्यांजवळ दाखले पुष्कळ आहेत, आणि ते खरेही आहेत. 2006-07 च्या रणजी हंगामात प्रवीण आमरे मुंबईचे प्रशिक्षक होते व अमोल मुजुमदार कर्णधार. दोघेही शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले. त्या संघाने पहिले तिन्ही सामने गमावले. ज्या मुंबईने रणजी करंडक ही आपली वडिलोपार्जित मिळकत मानली, तिच्या अभिमान्यांना ही नामुष्की कशी वाटली असेल हे सांगावयास नको. पुढे हाच संघ उपांत्य सामन्यात पोहोचला. तेथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी त्याचे पाच गडी बाद झाले. तरी तो सामना त्याने जिंकला, आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून मुंबईने सदतिसाव्यांदा करंडक घेतला. आयपीएलमधील मुंबई इंडियन्सची 2015 मधील कथाही अशीच. रिकी पाँटिंग नवे प्रशिक्षक म्हणून आले. पहिले चार सामने ओळीने गेले. सहांपैकी पाच गेले. आणि 24 मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला 41 धावांनी नमवून तोच संघ विजेता झाला.

यावर उतावळ्यांचा पक्ष गप्प बसतो असे नाही. तो 2022 साल पुढे करतो. त्या वर्षी मुंबईने पहिले आठही सामने गमावले. प्रशिक्षक माहेला जयवर्धने. म्हणजे ज्यांच्या हाताखाली 2017, 2019 व 2020 अशी तीन विजेतेपदे आली तेच. येथे धीर धरण्यास जितकी कारणे होती तितकी क्वचितच कुणास लाभतात. धीर धरला गेलाही. आणि हंगाम संपला तेव्हा दहा संघांत मुंबई दहावी होती.

तेव्हा दाखल्यांच्या या लढाईत कोण जिंकला? आमच्या मते कोणीच नाही. कारण दोन्ही पक्षांनी एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवली आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे शेवट. उतावळा मनुष्य तिसऱ्या सामन्याच्या फळावरून न्याय करतो, धीराचा मनुष्य चौदाव्या सामन्याच्या फळावरून. भेद केवळ तारखेचा आहे. 'पाहा, मी सांगत होतो की नाही?' असे मेमध्ये म्हणणारा गृहस्थ एप्रिलमध्ये शहाणा होता, हे मेमधील करंडकाने सिद्ध होत नाही. एप्रिलमध्ये त्याच्यापाशी काही कारणे होती की नुसती आशा होती, हे पाहावे लागेल. आशा फळास आली म्हणून तिला विचाराचा मान देता येत नाही.

ही खोड आम्हां मराठी लोकांच्या अंगी इतिहासानेच मुरविली आहे की काय, अशी शंका येते. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरास निजामाला नमविणारे सदाशिवरावभाऊ हे कर्तबगार, दूरदर्शी, पेशवाईचा आधारस्तंभ. आणि अकरा महिन्यांनी, 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सर्वस्व गेल्यावर तेच भाऊ हट्टी, गर्विष्ठ, कुणाचे न ऐकणारे! अकरा महिन्यांत मनुष्याचा स्वभाव इतका पालटत नसतो. पालटले ते फळ; आणि फळ पालटताच आम्ही त्याच स्वभावाची नावे बदलली. जो निर्धार होता त्याला दुराग्रह म्हटले, जो आत्मविश्वास होता त्याला मगरुरी. भाऊंच्या हातून चुका झाल्या नाहीत असे आमचे म्हणणे नाही. बाजारबुणगे व यात्रेकरू यांचे लटांबर बरोबर असणे ही चूक होती, आणि लढाई जिंकली असती तरीही ती चूकच ठरावयास हवी होती. परंतु विजय मिळाला असता तर ती चूक कुणी मोजली असती काय? आजही एखादा संघ दारुण हरला की वर्तमानपत्रे त्याचे 'पानिपत झाले' असे छापतात. त्या शब्दाबरोबर न्याय करण्याची ती जुनी तऱ्हाही छापली जाते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता, फळावरून न्याय करावयाचा नाही तर कशावरून? या जिल्ह्याचे सुपुत्र लोकमान्य टिळक यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याचे एक उत्तर दिले आहे : कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानावी. मनुष्य सज्जन की दुर्जन, एवढेच ठरवावयाचे असेल तर या उत्तराहून अधिक काही लागत नाही. परंतु प्रशिक्षक सज्जन आहे की नाही, याविषयी फलाटावरच्या बाकावर वाद नसतोच. वाद असतो तो त्याला आपले काम कळते की नाही याविषयी. शुद्ध बुद्धीचा वैद्य चुकीचे औषध देऊ शकतो, आणि त्या शुद्धतेने रोग्याचा ताप उतरत नाही. म्हणून सज्जनता व फल यांच्या दरम्यान तिसरे काहीतरी शोधले पाहिजे. आणि ते शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही, आमच्या भोवतालचे बागायतदार ते रोज करीत असतात.

हापूसचे कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षे त्याला मोहोर आला तर जाणता बागायतदार तो आपल्या हाताने खुडून टाकतो. झाडाने आधी अंग धरावे, असा त्यात हेतू असतो. रस्त्याने जाणाऱ्यास मात्र एवढेच दिसते की शेजारच्या बागेत फळ आहे व या बागेत नाही. परंतु म्हणून हा बागायतदार प्रत्येक निष्फळ झाडाविषयी धीर धरतो असे समजू नये. बुंध्यापाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की तो त्याच क्षणी सावध होतो; कारण खोडात भिरूड शिरल्याची ती खूण असते. अशा झाडावर फळे लगडलेली असली तरी तो निश्चिंत राहत नाही. फळ कमी की अधिक, ही गोष्ट तो नाकारीत नाही. पण झाडाचा न्याय करताना त्याची नजर फळाकडे नसून बुंध्याकडे असते.

संघाच्या बाबतीत हा भुसा कोणता? आम्हांस तो काही ठिकाणी स्पष्ट दिसतो. आज ज्या कारणासाठी एक खेळाडू वगळला, उद्या त्याच्या उलट कारणासाठी दुसरा वगळला जातो. विचारले असता प्रशिक्षकास आपल्या निर्णयाचे कारण सांगता येत नाही, किंवा दर वेळी निराळे सांगतो. तीच चूक त्याच रीतीने चौथ्यांदा होते. पराभवानंतर खेळाडू एकमेकांकडे न पाहता पंचांकडे, खेळपट्टीकडे आणि नाणेफेकीकडे पाहू लागतात. अशा खुणा दिसल्या तर दोन सामन्यांनंतरही कठोर बोलण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे, आणि संघ जिंकत असला तरीही आहे. उलटपक्षी 2015 च्या एप्रिलमध्ये पाहणाऱ्यास काय दिसत होते? सलामीचा ॲरन फिंच जायबंदी होऊन स्पर्धेबाहेर गेला होता. त्याच्या जागी लेंडल सिमन्स आला, सलामीला पार्थिव पटेल त्याचा जोडीदार झाला, आणि कर्णधार रोहित शर्मा स्वतः सलामी सोडून खालच्या क्रमांकावर उतरला. म्हणजे चुका ओळखल्या जात होत्या, जागा बदलत होत्या, व बदलांना काही सूत्र होते. धीर धरण्यास हे कारण पुरेसे होते. पुढे करंडक न मिळता तरीही ते पुरेसेच राहते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की 'वेळ द्या' हे अपात्रांचे सनातन कवच आहे. आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो फार वजनदार वाटतो. आमच्या देशात अनेक संस्था या एका वाक्याच्या आडोशाने कुजल्या. म्हणूनच नुसता वेळ देणे हा आम्ही गुण मानीत नाही. वेळ देणाऱ्याने डोळे उघडे ठेवून वेळ द्यावा. डोळे मिटून दिलेला धीर आणि डोळे मिटून दाखविलेला उतावीळपणा ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत, कारण दोन्हींत बुंध्यापर्यंत चालत जाण्याचे श्रम वाचतात.

प्रेक्षकाचा राग मात्र निव्वळ हास्यास्पद मानण्यास आम्ही तयार नाही. प्रशिक्षक दोन वर्षे येतो आणि जातो. खेळाडू लिलावात दुसऱ्या संघाकडे जातात. पडवीत बसलेला मनुष्य तेवढा जन्मभर तेथेच राहतो. संघाशी एकनिष्ठ कोण, असे विचारले तर उत्तर त्याच्याच बाजूने द्यावे लागेल. त्याला लागलेले दुःख खरे असते. तथापि त्याच्या न्यायदानात एक मोठी उणीव आहे : निकाल चुकला तर त्याला काहीही भरावे लागत नाही. बागायतदाराने चांगले झाड तोडले तर त्याचे उत्पन्न बुडते. प्रेक्षकाने चांगला माणूस तोडला तर तो दुसऱ्या दिवशी नवा निकाल देण्यास मोकळा असतो. गीतेने फलाशा सोडण्याचा उपदेश केला तो कर्म करणाऱ्यास. ज्याने कर्म काहीच केलेले नाही आणि ज्याला केवळ फळच हवे आहे, अशा मनुष्याची कल्पना कुरुक्षेत्रावर कुणास आली नसावी.

चंद्रकांत पंडितांचे प्रकरण या दृष्टीने मोठे बोधक आहे. ते प्रशिक्षक असताना मुंबईने 2015-16 चा रणजी करंडक जिंकला. पुढल्याच हंगामात, 2017 च्या जानेवारीत, इंदूर येथे मुंबई अंतिम सामना गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला आणि पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भाने तोवर रणजी करंडक कधीच जिंकला नव्हता. पंडितांच्या पहिल्याच हंगामात, 1 जानेवारी 2018 रोजी, त्याच इंदुरात दिल्लीला हरवून विदर्भ विजेता झाला. पुढल्या वर्षीही झाला. 2022 मध्ये पंडितांच्याच मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरविले, तेव्हा मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. यावर सर्वांनी एकमुखाने म्हटले की मुंबईने हिरा गमावला. आम्ही तसे म्हणण्यास कचरतो. मुंबईने केलेला बदल चुकीचा असेल, तर तो 2017 सालीच चुकीचा होता. विदर्भाच्या करंडकाने तो चुकीचा झाला नाही. एका माणसास एका घरी जे साधत नाही ते दुसऱ्या घरी साधते, हा अनुभव काही दुर्मीळ नव्हे, आणि त्यावरून पहिले घर मूर्ख ठरत नाही.

हा सगळा खल खेळापुरता राहता तर आम्ही लेखणी हाती घेतली नसती. पण पडवीतील हे न्यायासन सामना संपल्यावर उठत नाही. शाळेत नवे शिक्षक आले व पहिल्या घटक चाचणीत मुलांना गुण कमी पडले, की तेच न्यायासन मांडले जाते. मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात घसरला, की मांडले जाते. नव्या सुनेची पहिली पुरणपोळी फुटली, की स्वयंपाकघरात मांडले जाते. आणि या सर्व वेळी घरातील लहान मुले ऐकत बसलेली असतात. आम्ही गेली कित्येक वर्षे अशी मुले वर्गात पाहतो, जी पहिल्या वाईट गुणपत्रिकेनंतर वाचनालयात जात नाहीत, प्रश्न विचारीत नाहीत, मागच्या बाकावर सरकतात. त्यांना कुणी रागे भरलेले नसते. त्यांनी न्याय करण्याची तऱ्हा घरी ऐकून ऐकून शिकून घेतलेली असते, आणि आता ती स्वतःवर चालविली असते.

अलीकडच्या एका प्रसंगाने हा प्रश्न आमच्या मनात अधिक टोचू लागला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अमोल मुजुमदार भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. शालेय सामन्यात तेंडुलकर व कांबळी यांची 664 धावांची भागी चालू असता पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला, पुढे प्रथमश्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा काढूनही भारताकडून एकदाही न खेळलेला हा माणूस. वाट पाहणे म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवावयाचे कारण नव्हते. त्याच्या कारकिर्दीतील पहिल्या विश्वचषकात, 2024 च्या वीस षटकांच्या स्पर्धेत, संघ गटातच बाद झाला. 2025 च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन पराभव झाले, आणि देशभरच्या पडव्यांत निकाल लागला. 2 नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत हाच संघ 52 धावांनी विश्वविजेता झाला, तेव्हा सारे निकाल मुकाट्याने रद्द झाले. त्या अंतिम सामन्यात 87 धावा व दोन बळी घेणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलाविण्यात आले होते. कुणाच्या दूरदृष्टीचा हा पुरावा मानावा?

परंतु आमचे मन रेंगाळते ते 19 ऑक्टोबरच्या इंदूरच्या सामन्यावर. विशाखापट्टणमला भारताच्या 330 धावा ऑस्ट्रेलियाने ओलांडल्या, तेव्हा सहावा गोलंदाज नसल्याची उणीव सर्वांच्या डोळ्यांत भरली होती. ती भरून काढण्यासाठी इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळून एक गोलंदाज अधिक घेतला. भारत चार धावांनी हरला, आणि फलंदाज वगळल्याबद्दल प्रशिक्षकावर चोहोंकडून टीका झाली. तीच जेमिमा अकरा दिवसांनी उपांत्य सामन्यात नाबाद 127 धावा काढून ऑस्ट्रेलियाला घरी पाठविती झाली. पाच धावा अधिक निघत्या तर इंदूरचा निर्णय धूर्तपणाचा म्हणून वाखाणला जाता, आणि कदाचित पुढेही तोच संघ कायम राहून नवी मुंबईची ती खेळी झालीच नसती. इंदूरला जे उणे दिसत होते ते भरण्याचा, त्या दिवशी हाती असलेल्या माणसांनिशी, तो सरळ प्रयत्न होता. आम्ही त्यास चूक म्हणणार नाही; 127 धावा पाहिल्यावरही नाही.