मित्राचा पैसा, आपला हात

मोबदला न घेता केलेल्या कामात मनुष्य अधिक मोकळा असतो की अधिक बांधलेला? एका बालमित्राने माझ्या हाती ५०,००० रुपये ठेवले आणि खेळांसाठी एक संगणक जुळवून देण्यास सांगितले, तेव्हा हा प्रश्न मला स्वतःस विचारावा लागला.

अशा यंत्रात बहुधा सर्वाधिक खर्च ग्राफिक्स कार्डावर होतो. पडद्यावरील हलती चित्रे तेच घडविते. म्हणून काटकसर करणारा इतर भागांत हात आखडतो. परंतु पॉवर सप्लाय हलक्या प्रतीचा घेतला, तर तो बिघडताना इतर भागांसही सोबत नेऊ शकतो. आणि हे मित्रास वरून दिसावयाचे नाही. तेथे मी कसूर केली नाही. माझी परीक्षा निराळ्याच ठिकाणी होती.

माझे स्वतःचे जुने कार्ड घरी पडून होते. बाजारात तसल्या कार्डास १२,००० रुपये सहज येत. यादीत ‘वापरलेले कार्ड, १२,००० रुपये’ एवढेच लिहिले, तर त्यात खोटे काय?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारीस मोबदल्याची आवश्यकता नाही. फुकट राबणाराही मुखत्यारच. कलम २१५ सांगते की, मुखत्याराने मालकाची संमती न घेता स्वतःशीच व्यवहार केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडविली, अथवा तो व्यवहार नुकसानीचा ठरला, तर मालकास तो नाकारता येतो. भाव वाजवी आहे, सबब नुकसान नाही, असा युक्तिवाद मी मनाशी चालविला. आणि तेथेच चमकलो. वकील स्वतःचाच बचाव करू लागला, की आरोपात काही तथ्य आहे असे समजावे.

मी मित्रास सांगितले. तो हसून म्हणाला, “अरे, तुझेच आहे ना? मग विचारतोस काय?”

ही संमती झाली काय? ज्यास वस्तूची पारख नाही, त्याचा होकार हा निर्णय नसतो. तो केवळ विश्वास असतो. आपल्या देवस्थानांत हिशेब महाजनांपुढे वाचला जातो, तो वाचणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. विश्वासास डोळे असावेत म्हणून. मी पुन्हा सांगितले: पंखा आवाज करतो, हमी संपली आहे, आणि तेवढ्याच पैशांत थोडे कमी शक्तीचे, पण हमीचे नवे कार्ड मिळते.

त्याने नवे कार्ड निवडले. मला किंचित वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. मला मित्राची सोय पाहावयाची होती की माझे कार्ड खपवावयाचे होते, याचा निवाडा त्या वाईट वाटण्यानेच केला.