तपासनीस नसताना

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागच्या चाकांना ड्रम. ड्रममधल्या ब्रेक-शूचे लायनिंग झिजते तसे शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढते व पेडल अधिक खोल जाऊ लागते. हे अंतर आपोआप भरून निघण्याची सोय या गाडीत नाही. ते हातानेच कमी करावे लागते.

काम अवघड नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागचा भाग उचलून भक्कम टेकूंवर ठेवावा (केवळ जॅकवर विसंबू नये) आणि हँडब्रेक सोडावा. चाकामागील पत्र्यातून बाहेर आलेला चौकोनी डोक्याचा स्क्रू पान्याने उजवीकडे फिरवीत गेले की चाक जखडते. मग पेडल दाबून शू जागेवर बसू द्यावेत आणि चाक मोकळे फिरेपर्यंत स्क्रू एकेक खाच मागे घ्यावा. फार घट्ट ठेवला तर ड्रम तापतो. फार सैल ठेवला तर पेडल खोल जाते. दोन आणि दहा यांचा मध्य सहा, अशा गणिती मध्याने सदाचरण ठरत नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. तसेच येथेही आहे. किती खाचा, हे ते चाकच सांगते.

हँडब्रेकची केबल शेवटी तपासायची असते. पण शूंना हात न लावता नुसती केबल ताणली, तर लीव्हर छान घट्ट लागतो आणि झीज तशीच झाकलेली राहते. मोह होतो तो येथेच.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात मोठा बदल न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याचे बंधन मात्र कायम आहे. मग तपासनीसच उरला नसेल तर कर्तव्य थोडे हलके होते काय? ‘गाडी माझी, जीव माझा’ हा युक्तिवाद इंजिनापुरता चालेल. इंजिन बिघडले तर मालक अडकतो. ब्रेक बिघडला तर रस्ता ओलांडणारा सापडतो, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. ‘मला ठाऊक नव्हते’ हेही पुरेसे नाही. नीतिशास्त्र दूर करता येण्याजोगे अज्ञान आणि न येण्याजोगे अज्ञान यांत भेद करते. एका दुपारच्या कामाने दूर होणारे अज्ञान पहिल्या प्रकारचेच मानावे लागेल.

गाडी विकताना हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गिऱ्हाईक लीव्हर ओढून पाहते, तो घट्ट लागतो, ते समाधानाने मान डोलावते. विक्रेता एकही खोटा शब्द बोललेला नसतो. तरीही लायनिंग झिजले आहे हे त्याने, न विचारता, सांगितले पाहिजे. आणि त्यापायी किंमत उतरली तर उतरू द्यावी.