नऊ छर्रे

दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात आला आणि चितेगावच्या त्या पोरीने आपली सायकल छपराच्या आढ्याला टांगून ठेवली. आईबापाने ऊसतोडीची उचल घेतलेली होती. दोघे मिळून एक कोयता, मग कोपीवर तान्ह्या भावाला कोण बघणार? ती नववीचं वर्ष अर्धं टाकून कोल्हापूरकडे गेली. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण ज्या घरात पाळणा हलतो त्या घरची थोरली लेक तिथे राहत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही १४ वर्षांपर्यंतच हात धरतो. नेमकं जिथे पोरींचं शिक्षण सुटतं तिथे तो हात सुटावा, याचं वाईट वाटतं.

हंगाम सरला, पट्टा पडला. गुढीपाडव्याच्या तोंडावर माणसं गावाकडे परतली. सायकल खाली उतरवली तर दोन्ही टायर बसलेले, साखळी तांबडी झालेली, मागचं चाक फिरवलं की करकर वाजे.

"देऊन टाकू भंगारात," बाप म्हणाला. "परीक्षा आली तोंडावर. आता काय शाळा!"

पोरीने काही न बोलता सायकल ढकलत पैठण रोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. व्हिडिओकॉनच्या कागदांवर पत्ता छापलेला असायचा: औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, चितेगाव. त्या कारखान्याची पाळी सुटण्याच्या वेळेवर मिस्त्रीने उमेदीची वर्षं धंदा केला होता. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उभं राहिलेलं यंत्र कसं आतून धरत जातं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मामा, हवा भरा अन् तेल सोडा. उद्या शाळेत जायचंय."

"सोडतो की. दोन दिवस पळंल. मातीवर तेल पडलं की त्याचा पॉलिशपेपर होतो बाई. आतून खात जातो. मग रस्त्यात मागून ट्रक येतोय अन् चाक जाम, तर?" त्याने पाना तिच्या हातात दिला. "बस खाली. तूच खोल."

ट्यूब घडीवर चिरलेल्या होत्या, त्या बदलाव्याच लागल्या. साखळी डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासली. फ्रीव्हीलमध्ये डिझेल सोडून ते मागे-पुढे फिरवत राहिली, तेव्हा कुठे आतली कुत्री टक-टक बोलू लागली. ब्रेकचे रबर लाकडासारखे टणक झाले होते. सगळ्यात वेळ खाल्ला मागच्या हबने. कोन सैल केला, तर ग्रीस वाळून काळं ठिक्कर. छर्रे ताटलीत काढले, धुतले, मोजले. एका बाजूला पाव इंची नऊ हवेत. निघाले आठ.

"आठावर चालंल की, मामा."

"चालंल. पण त्या एकाचा भार बाकीच्या आठांवर येईल. कोनाला खड्डे पडतील. आज कळायचं नाही, श्रावणात कळंल."

दुकानात नवा छर्रा होता. तरी मिस्त्रीने तो काढून दिला नाही. पोर गुडघ्यांवर बसली. ताटलीच्या तळाचा काळा गाळ बोटांनी चाळला, मग जमिनीवरचा चिखल. बऱ्याच वेळाने एक काळा थेंब हाताला लागला. फडक्याने पुसला तर आतून चकचकीत. नवं ग्रीस भरून तिने नऊच्या नऊ बसवले आणि कोन आवळला. मिस्त्रीने चाक उचलून नुसतं बोट लावलं. ते फिरतच राहिलं.

त्याने ट्यूबचे आणि रबरांचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही, काम तिनेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणीने हळूच एक कागद पुढे केला. परीक्षेत हमखास येणारे प्रश्न, उत्तरांसकट. सरसुद्धा कळवळून म्हणाले, "एवढं पाठ कर बाळा, पास होशील."

तिच्या नखांत अजून ग्रीस होतं. तिने कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

"सर, बहुपदींपर्यंत मला येतं. त्याच्यापुढे मी नव्हते. गुणोत्तराचं पहिलं उदाहरण समजावून सांगाल?"

"आत्ता? वेळ किती उरलाय, ठाऊक आहे ना?"

"पूर्ण नाही होणार, सर. राहील ते सुट्टीत येऊन शिकते. सायकल आहे."